रतनवाडीचा गुरुवार

लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली, दार सरकलं आणि मृदुलाला समोरच्या जिन्यावर स्वतःचा नवरा दिसला. पायांत डोंगरात घालायचे जाडजूड तपकिरी बूट, पाठीवर मुलाची कॉलेजातली सॅक. एका हाताने कठडा धरून श्याम जिना चढत होता आणि प्रत्येक पायरीवर फूं फूं करत होता.

लिफ्टची वाट बघत उभ्या असलेल्या पानसे काकू त्याच्याकडे टक लावून बघत होत्या.

"लिफ्ट बंद पडली होती का हो?"

"नाही काकू, चालू आहे."

"मग?"

"मग काही नाही," असं म्हणून श्याम पाचव्या मजल्याच्या दिशेने वळला. लिफ्टमधल्या बायकोकडे त्याचं लक्षही गेलं नाही. लिफ्ट वर निघालेली असूनही काकू भाजीची रिकामी पिशवी सावरत आत आल्या आणि त्यांनी मृदुलाला धीर दिला.

"रिटायर झाल्यावर होतं असं. आमच्या ह्यांनी गच्चीत मिरच्या लावायला घेतल्या होत्या. उतरतं हळूहळू."

सातव्या मजल्यावर मृदुला आधी पोचली. शाळेची पर्स खुंटीला लावली, हातपाय धुतले, चहाचं आधण ठेवलं. आधणाला उकळी यायच्या सुमारास श्याम दारात आला. त्याने सॅक खाली ठेवली आणि त्यातून गव्हाच्या पिठाच्या दोन मोठ्या पिशव्या काढून ओट्यावर परत ठेवल्या.

"पीठ फिरवून आणलंत का?" तिने विचारलं.

"वजनाची सवय हवी." त्याने घाम पुसला. बूट न काढताच तो खुर्चीत बसला आणि थोडा वेळ गुडघा चोळत राहिला. मग एकदम म्हणाला, "मृदुला, आपण रतनवाडीला जाऊ या."

"कुठे?"

"भंडारदऱ्याच्या पलीकडे. धरणाच्या काठाकाठाने रस्ता जातो. कॉलेजात असताना गेलो होतो एकदा. रतनगड चढायचा, वर नेढं आहे, कड्याला आरपार पडलेलं भोक, त्यात बसलं की दोन्हीकडून वारा. पावसाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते. काजव्यांच्या दिवसांत गाड्यांची रांग, शिवरात्रीला जत्रा. आत्ता मात्र कोणी नसतं. थंडी सरत आलेली असते, सावरी फुललेल्या असतात. तीन दिवस जाऊ. दोघंच."

चहा उतू गेला. मृदुलाने गॅस बंद केला, ओटा पुसला, पुन्हा पुसला.

"छान आहे की," ती म्हणाली.

खरं म्हणजे तिला भीती वाटली होती.

त्याचं असं होतं. पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. कधीकाळी विजेच्या हिशेबाने कोणीतरी ठरवून दिलं आणि मग ते पडलं ते पडलंच. श्याम तिथल्याच एका कंपनीत टूलरूमला चिकटला. पुढे कंपनी भोसरीहून चाकणला गेली, ती यंत्रांबरोबर आपला गुरुवारही घेऊन गेली. मृदुला शाळेत भूगोल शिकवायची, तिची सुट्टी रविवारी. लग्नानंतर सगळे म्हणायचे, नशीबवान आहात, पोराला घरी कोणीतरी असतंच. आणि ते खरंही होतं. गुरुवारी श्याम मटकीची उसळ करायचा, क्षितिजला शाळेतून आणायचा, पंखे पुसायचा. रविवारी मृदुला इडल्या करायची, कपाटं आवरायची, दुपारी पेपर घेऊन आडवी व्हायची. जवळजवळ तीस वर्षं त्या घरात दोन सुट्ट्या नांदल्या आणि त्या एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. दिवाळीचे चार दिवस सोडले तर. पण दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलेलं असायचं.

डिसेंबरात श्याम रिटायर झाला. जानेवारीतला पहिला रविवार उजाडला, तेव्हा दोघं समोरासमोर चहाला बसले. गॅसचा नंबर लावला का? लावला. सोसायटीचा मेंटेनन्स? भरला. क्षितिजचा फोन? काल येऊन गेला. एवढं होईपर्यंत चहा संपला होता आणि बोलणंही. अख्खा रविवार समोर पडलेला. श्यामने खिडकी पुसायला घेतली. मृदुला आत जाऊन, आवरलेलं कपाट पुन्हा आवरत बसली. नवरा काही वाईट नव्हता, उलट चांगलाच होता. पण चांगल्या माणसाशी दिवसभर बोलायचं काय, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. घरात निदान कपाटं तरी होती. रतनवाडीला तीन दिवस ती काय आवरणार होती?

म्हणून दुसऱ्या दिवशी तिने क्षितिजला फोन लावला. तो हिंजवडीत नोकरीला, माण गावाजवळच्या नव्या इमारतीत राहणारा. येताय का, म्हटल्यावर पलीकडून सूनबाईचा, श्रद्धाचा, आनंदाचा चीत्कारच ऐकू आला. मग तिने चिंचवडला जयमालाताईला विचारलं. थोरली बहीण बोलकी. ती आली की दुसऱ्या कोणी तोंड उघडायची गरजच उरत नाही. ताई म्हणाली, हे पण येतील, आणि धपाटे मी आणते. दोन दिवसांत माणसं सहा झाली आणि मिनीबस करावी की दोन गाड्या घ्याव्यात, इथपर्यंत गोष्ट गेली.

मृदुलाने हे श्यामला सांगितलं, तेव्हा तो बाल्कनीत बसून बुटांना मेण लावत होता.

"आपण दोघंच गेलो असं कळलं असतं, तर वाईट वाटलं असतं सगळ्यांना," ती म्हणाली.

श्यामचा हात थांबला. त्याने बूट उजेडात धरून बघितला, उगाचच तळवा ठोकला.

"येऊ देत की," तो म्हणाला. "माणसं असली की बरं."

आणि तो पुन्हा मेण लावायला लागला. एवढ्यावर ते संपलं. तो रागावला नाही, हिरमुसला नाही, हेच तिला जरा लागलं. पण सुटल्यासारखंही वाटलं, ते ती स्वतःशी कबूल करून मोकळी झाली.

पुढच्या रविवारी क्षितिज आणि श्रद्धा जेवायला आले. जयमालाताईही आली, आल्या आल्या पदर खोचून कोशिंबिरीला लागली. जेवणं झाल्यावर श्याम पाणी प्यायला, त्याने भांडं खाली ठेवलं आणि जाहीर केलं,

"बुकिंग झालं. बुधवारी पहाटे निघायचं. पहिल्या शिफ्टच्या बसेस यायच्या आत चाकणचा चौक ओलांडायचा, म्हणजे आळेफाट्याला नाश्ता. गुरुवारी गड. शुक्रवारी संध्याकाळी घरी."

क्षितिज हसायलाच लागला.

"बाबा! गुरुवार? अहो, कंपनी सुटली तुमची, गुरुवार काही सुटत नाही."

"सवय," श्याम म्हणाला. मान खाली घालून तो बडीशेप निवडत होता. "तोंडात बसलंय. तिथली खोल्यांवाली बाई म्हणाली गड कधी, मी म्हटलं गुरुवारी."

"मग बदला ना. शनिवार-रविवार करा."

"विचारलं. शनिवार-रविवार भरलेत त्यांचे. पार होळीपर्यंत."

"बरं, मी तिथून काम करतो," क्षितिज म्हणाला. "लॅपटॉप घेऊन येतो. श्रद्धा सुट्टी टाकेल. नेट आहे ना तिथे?"

"रेंजच नाही," श्यामने सांगितलं. "डोंगराच्या कुशीत आहे गाव. फोन नुसता घड्याळ म्हणून वापरायचा."

श्रद्धाचा चेहरा उतरला. जयमालाताई ओटा पुसता पुसता वळली.

"श्यामराव, गुरुवारी मी गाव सोडत नाही, माहीत आहे ना तुम्हाला? दत्ताच्या देवळात आरतीला गेले नाही असा गुरुवार नाही माझा."

"अरे हो," श्याम म्हणाला. "ते राहिलंच माझ्या लक्षातून."

मृदुला ताटं उचलत होती. हा माणूस आयुष्यभर केसाहून बारीक मापं घेत आला. बाजारातून येताना काही विसरला, असं कधी झालं नव्हतं. गुरुवारी ताईकडे जायचं नाही, गेलं तर कुलूप असतं, हे तो आपल्या सुट्टीत दोनदा हात हलवत परत आला तेव्हापासून त्याला पाठ होतं. तिला हे सगळं आठवलं, पण तिने त्याला सवय हेच नाव दिलं. म्हातारपण असंच दारातून डोकावतं, असं मनाशी म्हणून तिला थोडी कणवही आली.

निघताना क्षितिजने तिला लिफ्टपाशी गाठलं.

"आई, तूच एकदा फोन कर त्या बाईंना. बाबांना नीट विचारता येत नाही. शनिवारी एखादी खोली असेलच. नंबर घे त्यांच्याकडून."

तिने मान डोलावली. अजून तिने शाळेत रजा मागितली नव्हती. बुध, गुरू, शुक्र तीन दिवस, तेही दहावीची परीक्षा तोंडावर आलेली. मुख्याध्यापिका नाही म्हणाल्या तर कोणाला नवल वाटलं नसतं. तिने ते शेवटचं हत्यार म्हणून राखून ठेवलं होतं. शनिवार मिळाला तर सगळे जातील, नाही मिळाला तर रजा मिळणार नाही. दोघंच जायची वेळ कोणत्याच वाटेने येत नव्हती. तिने नीट बघून घेतलं होतं.

श्यामच्या फोनमधून 'कस्तुराबाई रतनवाडी' नावाचा नंबर तिने तो आंघोळीला गेलेला असताना घेतला. मागितला असता तर दिला असता त्याने. पण मागितला नाही खरा.

सोमवारी मधल्या सुट्टीत मृदुला मैदानाच्या कडेला, गुलमोहराखाली जाऊन उभी राहिली. मुलं धुरळा उडवत होती. रेंज नसलेल्या गावाला फोन लागणार कसा, लागेल तेव्हा लागेल, असं म्हणत तिने नंबर लावला. पहिल्याच घंटीला पलीकडून उचलला गेला. मागे कोंबडं आरवत होतं, तेसुद्धा खणखणीत.

"कस्तुराबाई का?"

"व्हय, बोला की."

"मी पिंपळे सौदागरहून बोलतेय. बुधवारचं बुकिंग आहे ना, श्याम म्हणून, त्यांची..."

"आवं, बाई तुमी व्हय!" कस्तुराबाईंचा आवाज मोकळा झाला. "साहेबांचा कालच फोन आल्ता पुन्हा. काय बी काळजी करू नका. आंगुळीला कढत पानी हाय चुलीवरचं. आन पातळ उशी बी काढून ठिवलीय. साहेब म्हनले, बाईंना जाड उशी चालत न्हाई, मान धरती."

मृदुलाने नकळत मानेवर हात ठेवला. आपल्याला पातळ उशी लागते, हे तिने श्यामला कधी सांगितल्याचं तिला आठवेना. सांगायला वेळ कुठे होता? तो पहिल्या शिफ्टला निघायचा तेव्हा ती झोपलेली असायची. म्हणजे तेव्हा तो बघत असला पाहिजे.

"तुमच्याकडे रेंज चांगली आहे हो," ती काहीतरी बोलायचं म्हणून बोलली.

"टावर झाला की आता. पोरं दिसभर फोनातच असत्यात."

"मी विचारत होते, शनिवार-रविवारी काही जागा होईल का? आम्ही जरा जास्त जण आहोत."

"हाय की. तिन्ही खोल्या रिकाम्याच हायत. म्या साहेबांना तवाच म्हनलं, शनवारी या, शेकोटी करू, मजा येती. तर साहेब म्हनले नगं." कस्तुराबाई हसल्या. "म्हनले, शनवारी समदी येतील."

मैदानात कोणाचा तरी चेंडू लांब गेला, पोरं ओरडत त्याच्या मागे धावली. मृदुला फोन कानाला लावून तशीच उभी राहिली. तिच्या कानशिलांना ऊन लागत होतं, का ती आतूनच तापली होती, तिला कळेना. तीस वर्षांच्या संसारात श्याम तिच्याशी खोटं बोलल्याचं तिच्या माहितीत नव्हतं. आणि आता बोलला होता ते एक नाही, चांगली तीन-चार, सगळ्यांच्या देखत, बडीशेप निवडत. मुलाने हसून घेतलं, तेही त्याने मुकाट ऐकून घेतलं होतं. कशासाठी, तर तिच्याबरोबर एकट्याने राहायला मिळावं म्हणून. आणि ती मात्र चार माणसं गोळा करून बसली होती. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्याच वेळी, ह्या वयात वाटू नये इतका आनंद झाला.

"मंग शनवारचं करू का, बाई?" कस्तुराबाईंनी विचारलं.

भीती अजून होतीच. ती काही कुठे गेली नव्हती.

"नको," मृदुला म्हणाली. "बुधवारच राहू द्या. दोघांचंच."

मधली सुट्टी संपायच्या आत ती मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेली. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, घरी काही कार्य आहे का. मृदुलाच्या जिभेवर पुतण्याच्या लग्नाची थाप आली होती, पण घरात एवढं खोटं पुरे होतं.

"नाही. मिस्टरांबरोबर फिरायला जायचंय."

बाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि सही केली. राखून ठेवलेलं हत्यारही असं हातातून गेलं.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने कपाटाच्या तळातून जुने कॅनव्हासचे बूट काढले. साडी बदलून पंजाबी ड्रेस घातला. श्याम सॅकमध्ये पीठ भरत होता. तिने त्यातली एक पिशवी काढून घेतली आणि आपल्या शबनम पिशवीत टाकली.

"हे काय?" श्याम म्हणाला.

"वजनाची सवय."

दोघं लिफ्टने खाली गेले आणि जिन्याने चढायला लागले. पहिल्या मजल्यापर्यंत मृदुलाला वाटलं, ह्यात काय आहे! दुसऱ्यावर तिला पिठाचं वजन जाणवलं. तिसऱ्यावर तिने कठडा धरला. श्याम एक पायरी मागून चढत होता, पुढे जायची घाई न करता.

"रजा मिळाली," ती म्हणाली.

"अरे वा."

"क्षितिजला सांगितलं, तुम्ही पुढच्या महिन्यात जा. ताईला म्हटलं, तुझा गुरुवार तू सांभाळ."

"बरं केलंस," श्याम म्हणाला. जरा थांबून त्याने जोडलं, "माझ्यामुळे घोटाळा झाला सगळा."

"हो ना." तिने धाप आवरली. "शनिवार-रविवार रिकामे आहेत म्हणे त्यांचे."

मागचे बूट थांबले. ती दोन पायऱ्या वर जाऊन वळली. श्याम खाली वाकून नाडी बांधत होता. नाडी पक्की बांधलेली होती, तिला वरून स्पष्ट दिसत होतं. त्याने ती सोडली आणि पुन्हा बांधली.

"फोन केलास?"

"केला. रेंज छान आहे."

श्यामचे कान लाल झाले होते. लग्नाआधी बघायला आला होता तेव्हाही ते असेच झाले होते आणि तिच्या मावशीने त्यावरून तिला महिनाभर चिडवलं होतं, हे तिला मध्येच आठवलं. ती पायरीवर बसली. शबनम मांडीवर घेतली. आता बोललं नाही तर रतनवाडीतही बोलणं होणार नाही, असं तिला वाटलं.

"मीच बोलावलं होतं सगळ्यांना," ती म्हणाली. "कोणाला वाईट वाटेल म्हणून नाही. मला धास्ती वाटली. तीन दिवस आपण दोघांनी बोलायचं तरी काय?"

श्यामने नाडीवरचा हात काढला. तो तिच्या खालच्या पायरीवर बसला आणि दुखऱ्या गुडघ्यावर तळवा ठेवला. कुठल्यातरी घरात कुकरची शिट्टी झाली.

"मलाही तीच धास्ती आहे," तो म्हणाला. "म्हणून तर डोंगर काढला. चढताना माणसाला बोलावं लागत नाही."

मृदुलाने त्याच्याकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता. चांगला विचार करून, सगळ्या बाजूंनी मापं घेऊन त्याने ती जागा निवडली होती.

"आणि उतरताना?" तिने विचारलं.

"उतरतानाचं..." श्याम अडखळला. "उतरतानाचं अजून काही सुचलेलं नाही."

तिला हसू आलं. आधी तिने ते दाबलं, मग नाही दाबलं. तो हात टेकत उठला, तिने त्याच्या हाताचा आधार घेतला आणि दोघं उरलेल्या पायऱ्या चढून चौथ्या मजल्यावर आले. आवाजाने पानसे काकूंचं दार उघडलं. त्यांनी आधी श्यामकडे बघितलं, मग मृदुलाकडे, तिच्या शबनमकडे, तिच्या कॅनव्हासच्या बुटांकडे.

"काय गं, लिफ्ट बंद पडली का?"

"नाही काकू, चालू आहे," दोघंही एकदम म्हणाले, आणि पाचव्या मजल्याकडे वळले.